दि. बा. पाटील आणि साडेबारा टक्क्यांचं गणित

उलवे, कामोठे, करंजाडे किंवा घणसोलीत फ्लॅट पाहायला गेलं की दलाल एक वाक्य हमखास टाकतो: "हा साडेबाराचा प्लॉट आहे." घेणारा मान डोलावतो आणि कर्ज कोणती बँक देईल ते विचारतो. साडेबारा म्हणजे नेमकं काय, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के हिशोबाने मूळ शेतकऱ्याला विकसित भूखंड परत द्यायचा, ती ही योजना. नवी मुंबईतल्या हजारो इमारती या एका आकड्यावर उभ्या आहेत. त्या आकड्यामागे पाच माणसांचे जीव गेले आहेत, आणि तो सरकारकडून मिळवण्यासाठी एका वकील-आमदाराने आयुष्य खर्ची घातलं आहे.

दिनकर बाळू पाटील, म्हणजे सगळ्यांचे दि. बा., यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. शिक्षणाने वकील, जातीने आगरी, पक्षाने शेतकरी कामगार पक्षाचे. १९५७ मध्ये ते पनवेलमधून पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि पुढे पुन्हा पुन्हा निवडून आले. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ आणि १९८४ मध्ये रायगडकडच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले. २४ जून २०१३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत ही पदांची यादी सापडते आणि शेवटी 'झुंजार' हे विशेषण येतं. ते झुंजार होतेच. पण मला त्यांचं मोठेपण दुसऱ्या ठिकाणी दिसतं. जमीन घेणाऱ्या सरकारशी शेतकरी तोवर भावावर भांडत होता. दि. बां.नी ते भांडण वाट्यावर आणलं. हा बदल किती अवघड होता हे कळायला आधी इथली जमीन कशी होती ते पाहावं लागतं.

पनवेल-उरण-ठाण्याच्या खाडीकाठचा पट्टा म्हणजे खारेपाट. समुद्राचं पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, बांधात उघाडी ठेवायची, पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. हे वर्षानुवर्षं जमलं तर भाताचं एक पीक. बांध कुठे फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं ती जमीन नीट पिकत नाही. म्हणून बांधाची राखण हे गावाचं सामाईक काम असे. शेजारच्याच्या हद्दीतलं भगदाड बुजवलं नाही तर स्वतःचंही शेत जायचं. भात निघालं की मिठागरांवर मजुरी, खाडीत आणि खाजणात मासेमारी, कोलंबी, चिंबोऱ्या. एका कुटुंबाचं वर्ष असं तीन-चार धंद्यांत वाटलेलं असे. पुढे मोबदला ठरला तो मात्र फक्त भातखाचराचा, तोही 'एकपिकी, खारी' अशी नोंद पाहून.

आणि ही जमीन शेतकऱ्याची झाली त्याला तरी किती दिवस झाले होते? शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं जमिनी कसायला नकार दिला होता. खोताने अर्ध्याहून जास्त पीक उचलून न्यायचं, ही त्यांची तक्रार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले. पुढे १९४८ चा कुळकायदा झाला आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कुळ कायद्याने खरेदीदार मानला गेला. कलम ३२ ग खाली सुनावणी, किंमत ठरणं, हप्ते भरणं, मग ३२ म चं प्रमाणपत्र आणि शेवटी सातबारावर नाव, असा तो लांबचा रस्ता. ज्या वर्षी कुळं मालक झाली त्याच वर्षी दि. बा. आमदार झाले. खारेपाटातल्या लोकांना सातबारावरच्या नावाचं मोल काय वाटत होतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर तेरा वर्षांनी नोटीस आली.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली होती. सरकारने ती उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको या नवं शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, नव्या शहरासाठी अधिसूचित झालं. पण बऱ्याच गावांच्या निवाड्यांत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशांत, भूसंपादन कायद्याच्या कलम ४ च्या (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या) अधिसूचनेची तारीख दिसते ३ फेब्रुवारी १९७०, म्हणजे सिडको जन्माला यायच्याही सहा आठवडे आधीची. या तारखेवर थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या संतापाचं मूळ तिच्यात आहे.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याचा भाव ठरायचा तो कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवसाच्या बाजारभावाने. सरकार ताबा कधी घेणार, निवाडा कधी करणार, पैसे कधी देणार, याला १९८४ पर्यंत कायद्यात घट्ट मुदत नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम ११ अ आलं: कलम ६ च्या, म्हणजे जमीन घ्यायचं पक्कं केल्याच्या, घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा करा, नाहीतर संपादन रद्द. जुन्या घोषणांना दुरुस्ती लागू झाल्यापासून दोन वर्षं मिळाली, ती २४ सप्टेंबर १९८६ ला संपत होती. नवी मुंबईतले अनेक निवाडे नेमके सप्टेंबर १९८६ चे का आहेत, त्याचं हे कारण. भाव १९७० चा, निवाडा १९८६ चा. मधली सोळा वर्षं शेतकऱ्याला जमीन विकता येईना, तिच्यावर कर्ज मिळेना आणि गावात घर वाढवलं तर ते अनधिकृत. डोळ्यांसमोर वाशी उभी राहिली, बेलापूर उभं राहिलं, सिडको तीच जमीन विकसित करून भूखंडाचे लिलाव करू लागली, आणि मूळ मालकाच्या कागदावर मात्र १९७० सालच्या खाचराची किंमत.

"मग कोर्टात जायचं ना," असं कोणीही म्हणेल. लोक गेले. पण तो रस्ता कसा आहे पाहा. मोबदला घेताना 'हरकत राखून' असं लिहून घेतला तरच कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचा दावा करता येतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत अर्ज करायचा. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. अंगठा उठवून पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे कोणी सांगायचं? अर्ज वेळेत गेला तरी न्यायालय आसपासच्या खरेदीखतांवरून भाव काढतं. अधिसूचित गावात मोठे व्यवहार थांबलेले, आणि आधीच्या खतांत मुद्रांक वाचवायला कमी दाखवलेली किंमत. शेतकऱ्याने स्वतः सही केलेलं जुनं खतच त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे यायचं. १९८४ च्या दुरुस्तीत आणखी एक चांगलं कलम आलं, २८ अ: एकाला न्यायालयाकडून वाढीव भाव मिळाला तर त्याच अधिसूचनेतले, दावा न केलेले शेतकरी तीन महिन्यांत तोच भाव मागू शकतात. पण तीन महिने म्हणजे तीन महिनेच, आणि शेजाऱ्याच्या दाव्याचा निकाल कधी लागला हे कळायला गावात वकिलाचा माणूस असावा लागतो.

दि. बा. स्वतः वकील. भावाची लढाई किती वर जाऊ शकते आणि कुठे अडते, हे ते कायद्याच्या भाषेत जाणत होते. भाव कितीही वाढवून मिळाला तरी तो शेतीचाच भाव राहणार होता. जमिनीची खरी किंमत वाढणार होती ती ती बिगरशेती झाल्यावर, रस्ता-पाणी-वीज आल्यावर, आणि ती वाढ सगळी संपादन करणाऱ्याच्या खिशात जाणार होती. तेव्हा मागायचं काय, तर विकसित झालेल्या जमिनीतला हिस्सा. आज हे सोपं वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात सरकारी अधिकाऱ्याला ही मागणी उद्धटपणाची वाटायची. सरकारने सार्वजनिक कामासाठी घेतलेली जमीन परत कशी मागता?

जानेवारी १९८४ उगवला तेव्हा न्हावा-शेवा बंदराचं काम पुढे रेटलं जात होतं आणि उरणच्या गावांत जमिनीचा ताबा घ्यायला सरकार पोलिसांसह उतरलं. राज्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. १६ जानेवारीला जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, दोघे गेले. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, पागोटे इथे पुन्हा गोळीबार झाला, तिघे गेले. पाचही जण याच पट्ट्यातले, चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे. पहिला गोळीबार झाला तो दि. बां.च्या स्वतःच्या गावाच्या वेशीवर. या दोन दिवसांत बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर होत्या. ज्या घरांतले पुरुष नोकरीच्या आशेने गप्प होते, त्या घरांतल्याही बायका आल्या होत्या. शेत गेल्यावर आवणासाठी, म्हणजे भातलावणीसाठी, कोणाच्या बांधावर जायचं, हा प्रश्न त्यांच्या दारात आधी येणार होता. अजूनही दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोट्याला लोक हुतात्म्यांना वंदन करायला जमतात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. ज्या पाच ठिकाणी लाट अडली त्यांत एक कुलाबा होतं, आणि तिथून निवडून आले होते शेकापचे दि. बा. पाटील. जासई घडून वर्षही झालं नव्हतं. हा निकाल मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका वाटतो.

शासन निर्णय यायला तरी सहा वर्षं लागली. ६ मार्च १९९० रोजी साडेबारा टक्के योजना जाहीर झाली, २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने तिच्यात सुधारणा झाली. सिडकोच्या कागदांत तिचं नाव 'गावठाण विस्तार योजना' असं आहे. हे नावही समजून घेण्यासारखं आहे. इथल्या गावठाणांच्या हद्दी इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत आखल्या गेल्या. कुटुंबं वाढली, हद्दी तिथेच राहिल्या. भोवतालची शेतजमीन संपादित झाल्यावर गावाला फुगायला जागाच उरली नाही. तेव्हा हिस्सा द्यायचा तो गावाच्या वाढीसाठी, असा सरकारी तर्क.

आता प्रत्यक्ष गणित. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. यातून सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कापले जातात, म्हणजे १५२ गेले. हातात उरतात ३५४. मूळ जमिनीशी तोलून पाहिलं तर हे होतात पावणेनऊ टक्के. म्हणायला साडेबारा, मिळायला पावणेनऊ. योजनेप्रमाणे या भूखंडावर दीड चटई क्षेत्र, म्हणजे ५३१ चौरस मीटर बांधकाम, त्यातलं १५ टक्क्यांपर्यंत दुकानांसाठी. योजनेने भूखंड मालकीने दिला नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. मिठागर कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि बारा बलुतेदार यांच्यासाठी ४० चौरस मीटरच्या भूखंडाची तरतूद आहे.

आता तोच एकर आजोबांच्या नावावर होता असं धरा. तीन मुलगे, दोन मुली. ३५४ चौरस मीटर पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ७१ भरत नाहीत. एवढ्याचा वेगळा भूखंड पडत नाही, म्हणून सगळ्यांच्या नावे एकच. मग पात्रता ठरवायला फाईल लागते. भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला पनवेलकडचे लोक मेट्रो सेंटर म्हणतात, तिथून निवाड्याची प्रत काढायची. संपादनाच्या वेळचा सातबारा, त्याआधीचे फेरफार, कुळाचं असेल तर ३२ म चा कागद. आजोबांचा मृत्यूदाखला, न्यायालयाचा वारस दाखला, गावाची वंशावळ. संपादित जमिनीवर घरातल्या कोणी बांधकाम केलेलं असेल तर तेवढं क्षेत्र पात्रतेतून वजा. मग इरादापत्र, सोडत, वाटपपत्र, करारनामा, शेवटी ताबा.

यातली कुठलीही कडी निसटली की फाईल थांबते. निवाड्यात नाव 'बाळू गोविंद' आणि सातबारावर 'बाळा गोविंद' एवढ्यानेही थांबते, मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा फेरी. एका भावाने निवाड्याच्या वेळी एकट्याने पैसे उचलले असतील तर बाकीचे त्याच्यावर हरकत घेतात. कुळ आणि मूळ मालक यांचा जुना वाद मिटलेला नसेल तर दोघेही हक्क सांगतात. वर्षं जातात, वारस वाढत जातात, आधी पाच सह्या लागत होत्या तिथे पंधरा लागतात. त्यातला एक दुबईत, एक दारूत, एक रुसलेला.

बिल्डर नेमका या टप्प्यावर येतो. "सगळे कागद आम्ही करतो, कोर्टाचा खर्च आमचा, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्रावर सही करा." वाटप व्हायच्या आधीच पात्रता विकली जाते, अर्थातच कमी भावाने, कारण घेणाऱ्यालाही धोका असतो आणि विकणाऱ्याला आजच्या आज पैसे हवे असतात. लग्न, आजारपण, मुलाची फी. पुढे सिडको, मूळ प्रकल्पग्रस्त आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन भूखंड रीतसर हस्तांतरित होतो. जाणत्या कुटुंबांनी विकण्याऐवजी भागीदारी केली: जमीन आमची, बांधकाम तुमचं, इतके फ्लॅट आमचे. त्यांच्या घरात आज भाड्याचं उत्पन्न आहे. ज्यांनी सरळ विकलं त्यांच्याकडे गाडी आली, बंगल्याला रंग लागला आणि पाच-दहा वर्षांत पैसा संपला. यावरून 'आगरी लोकांना पैसा पचला नाही' असं बोलणारे भेटतात. हे बोलणं मला संतापजनक वाटतं. भातशेती, मीठ आणि मासळी यांत हयात गेलेल्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा ठेवायचा, तो कुठे गुंतवावा याचा सल्ला द्यायला यंत्रणेतून एकही माणूस पाठवायचा नाही, आणि मग त्यालाच नावं ठेवायची.

योजनेत खोट नव्हती असं मात्र नाही. तिने जमिनीला हिस्सा दिला, माणसाला नाही. ज्याची जमीन जास्त त्याला भूखंड मोठा. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, खाडीत मासे मारत होता, त्याला ४० चौरस मीटर, तेही पात्रता सिद्ध झाली तर. कोळ्याची खाडी भराव घालून बुजवली तेव्हा त्याच्याकडे दाखवायला सातबारा नव्हताच. आणि बहिणींचं काय झालं? वारस दाखल्यात नाव आलं की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन दारात. माहेर तुटेल या भीतीने बहुतेक जणी सही करतात. चळवळीत बायका पुढे होत्या आणि भूखंडाच्या कागदावर त्यांची नावं मागे पडली, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

गावठाण विस्ताराचा मूळ हेतूही अर्धवटच राहिला. भूखंड गावापासून दूरच्या सेक्टरमध्ये पडला तर वाढलेलं कुटुंब राहणार कुठे? लोकांनी गावाशेजारी, पूर्वीच्या आपल्याच जमिनीवर घरं बांधली. यांनाच 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करण्याचे निर्णय वेगवेगळ्या सरकारांनी काढले, अटी बदलल्या, अंतर बदललं, आणि गावाच्या सभेत हा विषय अजूनही निघतोच.

बंदराची गोष्ट तर जास्तच कडू आहे. ज्या बंदराच्या काळात गोळीबार झाला ते बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि देशातलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर ठरलं. तिथल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के लागू करायला मात्र केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, कारण बंदर केंद्राचं आणि योजना राज्याची. शेवटी १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्पग्रस्तांना भूखंडाची इरादापत्रं दिली गेली. जासईच्या गोळीबाराला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती आणि दि. बां.ना जाऊन वर्ष.

विमानतळाच्या वेळी चित्र थोडं बदललेलं दिसतं. १,१६० हेक्टरचा प्रकल्प, उलव्याची टेकडी कापायची, नदीचा प्रवाह वळवायचा, दहा वस्त्या उठवायच्या. २०१४ च्या पुनर्वसन निर्णयात रोख मोबदल्याऐवजी २२.५ टक्के विकसित जमिनीचा पर्याय आला. त्यात साडेबारा टक्के जुने आणि दहा टक्के मोबदल्यापोटीचे. घर गेलेल्यांना घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड. वाटाघाटी रखडल्या, काही कुटुंबं शेवटपर्यंत हलायला तयार नव्हती, हे खरं. पण बोलणी सुरूच झाली ती टक्क्यांपासून. विकसित जमिनीत हिस्सा मागणं उद्धटपणाचं आहे असं म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

विमानतळाला त्यांचं नाव द्यावं यासाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली, २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. नाव लागावं असं मलाही मनापासून वाटतं. तरी नावाच्या आंदोलनाला आलेल्या तरुणांपैकी किती जणांना आपल्या घराची पात्रता फाईल कुठे अडकली आहे हे ठाऊक असेल, हा प्रश्न पडतोच. दि. बा. असते तर त्यांनी आधी फाईल मागितली असती, असं त्यांची पद्धत पाहता वाटतं.

त्यांच्या मागणीचा माग कायद्यातही दिसतो. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अशी तरतूद आहे की शहर वसवण्यासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीपैकी २० टक्के मूळ जमीनमालकांसाठी राखून ठेवावी आणि संपादन व विकासाच्या खर्चाएवढ्या किमतीत त्यांना द्यावी. जासई आणि कायदा यांच्यात सरळ रेघ ओढता येईल असं मी म्हणणार नाही, देशभर अनेक लढे झाले. पण ही तरतूद कागदावर येण्याच्या वीसेक वर्षं आधी नवी मुंबईत तशीच कल्पना राबवली जात होती.

आता नवी अधिसूचना पुन्हा त्याच तालुक्यांत आली आहे. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात नगररचना योजनांतून ४० टक्के विकसित जमीन शेतकऱ्याकडे आणि ६० टक्के सिडकोकडे, असा हिशोब चालू आहे. त्यापलीकडे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, सोपवली गेली आहेत. यातलं चिरनेर म्हणजे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर. टक्क्यांचा आकडा साडेबाराच्या कितीतरी पुढे गेलेला दिसतो, म्हणून तिथल्या शेतकऱ्याने सही करण्याआधी साडेबाराच्या फाईलींतून निघणारे प्रश्न लेखी विचारावेत. हे ४० टक्के कपातीआधीचे की नंतरचे? भूखंड मालकीने की भाडेपट्ट्याने, आणि भाडेपट्टा असेल तर किती वर्षांचा? विकास शुल्क किती आणि ते कोणत्या टप्प्यावर भरायचं? भूखंड त्याच गावात की दुसरीकडे? अंतिम भूखंडाचा ताबा किती महिन्यांत, आणि उशीर झाला तर भरपाई काय? सातबारावर नसलेल्या पण त्याच जमिनीवर जगणाऱ्या कुळ, मजूर आणि मच्छीमार कुटुंबांना काय मिळणार? वारसांची नोंद मात्र आजच तलाठ्याकडे करून घ्यावी, बहिणींच्या नावासकट, कारण अधिसूचना निघाल्यावर ती करायला गेलं की पहिली हरकत बहुधा घरातूनच येते.